बारा व्होल्टचा वारा

जुन्या संगणकातून काढलेला पंखा हातात घेतला की त्याला दोन, तीन किंवा चार वायरी लोंबताना दिसतात. दोन असतील तर लाल प्लस आणि काळी मायनस. तिसरी, बहुधा पिवळी, पंखा किती वेगाने फिरतोय याची खबर मदरबोर्डाला देते, एका फेरीला दोन ठोके या हिशेबाने. चार वायरींच्या पंख्यात रंग बदलतात: तिथे पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, हिरवी म्हणजे वेगाची खबर, आणि निळी मदरबोर्डाकडून वेगाचा हुकूम घेते. हल्लीच्या महागड्या पंख्यांच्या बऱ्याचदा सगळ्याच वायरी काळ्या असतात. तरी कनेक्टरमधला क्रम तोच राहतो, आधी मायनस, मग प्लस, मग खबर, मग हुकूम. घरात हवा खेळवायला यातल्या पहिल्या दोनच लागतात. बाकीच्यांची टोकं टेपने बंद केली तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो.

‘संगणकाचा पंखा पॉवर सप्लायला कसा जोडायचा’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि तरीही हे पुस्तक चांगलं जाडजूड झालं आहे. ते तसं का झालं, हे सांगणं माझ्याकडे आलं आहे. पंखा जोडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस परत येतो आणि म्हणतो, ‘फिरतोय तर जोरात, पण खोली कोंदट ती कोंदटच.’ वायरीत काही चुकलेलं नसतं. हवा कुठून येणार आणि कुठे जाणार, याचा विचारच झालेला नसतो. लेखकांनी पुस्तकाचा मोठा भाग या तक्रारीला दिला आहे. विजेवरची पुस्तकं मराठीत अधूनमधून निघतात; घरातल्या हवेवर, तेही स्वतःच्या हाताने काही करू पाहणाऱ्यासाठी, फारसं कोणी लिहीत नाही.

विजेचा भाग मात्र उरकून टाकण्यासारखा नाही. आपल्याकडे भिंतीतल्या २३० व्होल्टची भीती लहानपणापासून अंगात मुरवलेली असते, आणि ती योग्यच आहे. १२ व्होल्ट कोरड्या हाताला जाणवतसुद्धा नाहीत, म्हणून सातवी-आठवीतलं पोरही या कामाला बसू शकतं. पण इथला धोका वेगळ्या वाटेने येतो. संगणकाच्या एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याची, १२ व्होल्टची लाइन सहज १५-२० अँपिअर देऊ शकते. पंख्याची वायर केसासारखी बारीक, तिची झेप जेमतेम एखाद्या अँपिअरची. खिडकीच्या पत्र्यावर घासून तिचं वेष्टण गेलं आणि प्लस-मायनस एकमेकांना टेकले, तर झटका कोणालाच बसणार नाही. वायर लाल होईल, प्लॅस्टिक वितळेल आणि शेजारचा पडदा पेटेल. प्लसच्या वायरीत, सप्लायच्या अगदी जवळ, एक-दोन अँपिअरचा फ्यूज टाकला की ही शक्यता जवळजवळ संपते. पाच-दहा रुपयांची ही वस्तू बहुतेक जण गाळतात. लेखकांनी ती पहिल्याच जोडणीच्या आकृतीत घातली आहे, आणि एवढ्यावरूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आणखी एक इशारा त्यांनी ठळक अक्षरात छापला आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ‘चार इंची कूलिंग फॅन’ मागितला, तर दुकानदार दोन गोष्टींपैकी कोणतीही पुढे ठेवू शकतो. एक प्लॅस्टिकचा, १२ व्होल्ट डीसी. दुसरा बहुधा धातूच्या चौकटीचा, वेल्डिंग मशीनमध्ये आणि कंट्रोल पॅनेलवर बसतो तो, थेट २३० व्होल्ट एसीवर चालणारा. आकार तोच, चार भोकांमधलं अंतरही तेच. मधल्या स्टिकरवरचे आकडे वाचल्याशिवाय दोन्हींपैकी कशालाच हात लावू नये. सर्व्हरमधून निघालेले जाड पंखे हा तिसरा प्रकार. त्यांतले काही २४ किंवा ४८ व्होल्टचे असतात, आणि १२ व्होल्टचे असले तरी एकेकटा दोन-दोन अँपिअर खातो आणि घरात मिक्सर लावल्यासारखा ओरडतो.

हा पंखा इथवर आला त्याची वाट रंजक आहे. टेबलावरचा विजेचा पंखा अमेरिकेत स्कायलर व्हीलर यांनी १८८२च्या सुमाराला केला, दोन पात्यांचा. डीसी मोटरमध्ये तेव्हापासून ब्रश असत. ते झिजत, ठिणग्या पाडत, भुकटी सांडत. ब्रश काढायचे तर फिरणारं चुंबक या क्षणी कुठे आहे हे वायरींच्या गुंडाळ्यांना दुसऱ्या कोणी तरी सांगायला हवं. त्याचं बीज एडविन हॉल यांच्या १८७९च्या शोधात होतं: वीज वाहणाऱ्या पट्टीला चुंबकाजवळ धरलं की तिच्या आडव्या बाजूंमध्ये बारीकसा व्होल्टेज उठतो. ट्रान्झिस्टर हाताशी आल्यावर १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी यांनी ब्रशशिवाय चालणाऱ्या डीसी यंत्रावरचा निबंध मांडला. आज पंख्याच्या मधल्या चकतीखाली नखाएवढा हॉल सेन्सर बसतो तो या वाटेने आला आहे. घरोघरी छताला लागणारे ‘बीएलडीसी’ पंखे याच जातीचे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांच्या अ‍ॅटमबर्ग कंपनीने साध्या पंख्याच्या ७५ वॉटच्या जागी २८ वॉट हा आकडा आपल्याकडे लोकांच्या तोंडी बसवला. संगणकाच्या डब्यात मात्र हे तंत्र कितीतरी आधीपासून मुकाट फिरत होतं.

संगणक आणि पंखा यांचं सुरुवातीला जमत नव्हतं. १९७७चा अ‍ॅपल २ बिनपंख्याचा होता. १९८१च्या आयबीएम पीसीने सप्लायच्या डब्यातच पंखा बसवला आणि पुढचं जग त्याच्या मागे गेलं. नव्वदच्या दशकात प्रोसेसर इतके तापू लागले की त्यांच्या डोक्यावर वेगळा पंखा आला. मग ८० मिलिमीटरची जागा १२० मिलिमीटरने घेतली, कारण मोठं पातं सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलतं. २००४-०५च्या आसपास इंटेलच्या आराखड्याने चौथी वायर रूढ केली. घरगुती कारागिराला या सगळ्याचा फायदा असा की कोट्यवधींनी बनणारी, एकाच मापाची, वर्षानुवर्षं न थांबता चालण्यासाठी घडवलेली वस्तू त्याला भंगाराच्या भावात मिळते.

हवेचा इतिहास वेगळ्या गावचा. म्युनिकमध्ये माक्स फोन पेटनकोफर यांनी १८५८ साली सांगितलं की खोलीतली हवा शिळी झाली की नाही हे तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ओळखावं, आणि दहा लाखांत हजार भाग ही मर्यादा धरावी. दीडशेहून जास्त वर्षांनंतरही तोच आकडा पुन्हा पुन्हा पुढे येतो. बाहेरच्या हवेत आज साधारण ४२० भाग आहेत. दार-खिडक्या लावून दोन माणसं एसीच्या खोलीत झोपली की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा मीटर हजार मागे टाकून बराच पुढे जातो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच गार करून पुन्हा सोडतो. ही गोष्ट अनेकांना अजूनही खरी वाटत नाही. पाय गार आणि डोकं जड, अशा सकाळींमागे बऱ्याचदा हे कारण असतं.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या महामारीत. २०२० साली अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या कल्पनेतून चार-पाच फिल्टर टेपने चिकटवून वर चौकोनी पंखा ठेवलेला डबा पुढे आला. शाळांत, घरांत लोकांनी तो आपल्या हाताने बांधला. पण त्याचा आवाज मोठा, म्हणून वर्गात बाई तो बंद करून टाकायच्या. मग काहींनी मोठ्या पंख्याच्या जागी संगणकाचे पाच-सात पंखे लावले आणि तोच डबा कुजबुजू लागला. इथे एक फरक लेखकांनी चांगला समजावला आहे: फिल्टरचा डबा धूळ आणि जंतू अडवतो, हवा बदलत नाही. कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि शेजारच्या मोरीचा वास फिल्टरला जुमानत नाहीत. त्यांना बाहेरच काढावं लागतं.

ही कामं करणाऱ्यांचे आता चार पंथ पडले आहेत, आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही.

पहिला भंगारवाल्यांचा. यांना जुना एसएमपीएस मिळाला की आनंद: हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो, आणि पिवळी-काळी जोडी १२ व्होल्ट देते. लेखक मनाने याच पंथाचे आहेत. मी नाही. दोन-चार पंख्यांसाठी तीनशे वॉटचा डबा चालू ठेवला तर तो स्वतःच बरीच वीज गिळतो. जुन्या डब्यांना ५ व्होल्टच्या लाइनवर काही भार नसेल तर त्यांचे १२ व्होल्टही नीट टिकत नाहीत. शिवाय आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. डबा उघडायचा नाही, हे लेखकांनी तीनदा लिहिलं आहे. मी चौथ्यांदा लिहितो. ७ व्होल्टची युक्तीही त्यांनी दिली आहे, म्हणजे पंख्याचा मायनस काळ्या वायरीऐवजी ५ व्होल्टच्या लाल वायरीला टेकवायचा. पंखा शांत होतो हे खरं, पण मग करंट त्या ५ व्होल्टच्या लाइनीत उलटा शिरतो आणि तिथे तो खाणारं दुसरं काही नसेल तर सप्लाय बिघडू शकतो. मी संपादक असतो तर ते पान कापलं असतं.

दुसरा पंथ अ‍ॅडॅप्टरवाल्यांचा. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बहुतेक घरांच्या खणात पडलेला असतोच. त्यावर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलं असेल आणि पंखा ०.२ अँपिअरचा असेल तर कागदावर दहा पंखे बसतात. पण सुरू होताना प्रत्येक पंखा क्षणभर जास्त ओढतो, म्हणून सहा-सातवर थांबावं. सगळे समांतर जोडायचे: सगळ्या लाल एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र. माळेसारखे एकामागून एक जोडले तर आतलं सर्किट व्होल्ट सारखे वाटून घेत नाही. एक पळतो, दुसरा अडखळतो. आणि अ‍ॅडॅप्टर खरोखर डीसीचा आहे ना, ते मल्टिमीटरने पाहून घ्यावं. जुन्या मोडेमचे काही अ‍ॅडॅप्टर एसी देतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

तिसरा पंथ सौरवाल्यांचा, आणि महाराष्ट्रात मला तो सर्वांत जिवंत वाटतो. शहरातल्या माणसाला पंखा उकाड्यासाठी हवा असतो. गावात पंख्याला कामं असतात. अंडी उबवण्याच्या घरगुती पेटीत ३७.५ अंश सगळीकडे सारखे राहावेत म्हणून असा एखादा पंखा आत हवा घोळवत ठेवतो. वीज गेली आणि तो थांबला, तर बल्बजवळची अंडी तापतात नि कोपऱ्यातली गारठतात. बॅटरीवरचा १२ व्होल्टचा पंखा तेव्हा उपयोगाला येतो. धिंगरी अळंबीच्या शेडमध्ये हवा बदलली नाही तर देठ लांबतात आणि छत्र्या लहान राहतात. तिथे वेगळ्या मीटरची गरजच नाही, पीक स्वतःच सांगतं. कोकणात आमसुलं वाळायच्या ऐन वेळी वळवाचे ढग येतात. सोलर ड्रायरमधली दमट हवा वेळेवर बाहेर गेली नाही तर ती बुरसतात. पॅनेलला थेट जोडलेला पंखा ऊन चढेल तसा वेग घेतो, उतरेल तसा मंदावतो, आणि ड्रायरला तेच हवं असतं. फक्त ‘१२ व्होल्टचं’ म्हणून विकलेलं पॅनेल भार नसताना २१-२२ व्होल्ट दाखवतं, आणि संगणकाचा पंखा साधारण सव्वातेरापर्यंतच्या हिशेबाने बनवलेला असतो. मध्ये व्होल्ट उतरवणारा बक कन्व्हर्टरचा छोटा बोर्ड हवाच.

चौथा पंथ गणितवाल्यांचा. ते आर्डुइनो लावतात, निळ्या वायरीवर २५ किलोहर्ट्झचे ठोके पाठवतात, दमटपणा वाढला की पंखा आपोआप पळवतात. बाकीचे त्यांना हसतात, पण एक महत्त्वाची गोष्ट या पंथाने शिकवली. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण वीज आठव्या भागावर येते आणि आवाज कमालीचा उतरतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन निम्म्या वेगाने फिरवणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं. मात्र व्होल्ट फार खाली आणले तर पंखा एकदा थांबल्यावर पुन्हा सुरू होत नाही, नुसता तापत बसतो.

आता हवा. १० बाय १० फूट, उंची १० फूट, अशा खोलीत हजार घनफूट हवा मावते. डब्यावर मिनिटाला ५० घनफूट लिहिलेला पंखा कागदावर वीस मिनिटांत ती बदलेल. पण तो आकडा पंखा मोकळ्यावर धरून मोजलेला असतो. मच्छरजाळी, तिच्यावरची धूळ, वाकवलेला पाइप हे सगळं मध्ये आलं की निम्मी हवा निघाली तरी नशीब. या पंख्यांचा दाब फारच थोडा, पाण्याच्या स्तंभात मोजला तर एक-दोन मिलिमीटर. ताशी १८ किलोमीटरचा वारा खिडकीवर समोरून आला तर तोही जवळपास दीड मिलिमीटर दाब देतो. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीत बसवलेला पंखा जून ते सप्टेंबर वाऱ्याशी झुंजण्यातच थकणार. उपाय विजेचा नाही: बाहेर पत्र्याची टोपी, किंवा सरळ दुसरी भिंत निवडणं.

येण्याची वाट तर बहुतेकांच्या ध्यानातच नसते. दार घट्ट, खिडक्या बंद, आणि पंखा हवा बाहेर फेकतोय. मग आत काय येणार? लोकलच्या दारात उतरणाऱ्यांना वाट न देता चढू पाहणाऱ्यांची जी गत होते तीच हवेची. उलटही घडतं. पंखा उघड्या खिडकीच्या शेजारी बसवला की तो त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकतो, आणि खोलीचा पलीकडचा कोपरा तसाच राहतो. काढायची वाट उंच, घ्यायची वाट समोरच्या बाजूला खाली, हे जुन्या घरांना ठाऊक होतं. धाब्याच्या घराचं साणं, स्वयंपाकघरावरचं धुराडं, वाड्याचा चौक या सगळ्यांत गरम हवा वर जाते एवढ्यावरच काम भागवलेलं असे. लेखकांनी या वास्तूंवर एक सबंध प्रकरण खर्च केलं आहे, आणि ते सजावटीसाठी नाही. पंख्याची जागा ठरवायची तर आधी हवा आपणहून कुठे जाऊ पाहते ते ओळखावं लागतं. त्याच ओघात एक बारकावा येतो: लाल-काळी वायर उलटी जोडून वाऱ्याची दिशा उलटत नाही. पंखा फिरतच नाही, क्वचित जळतोही. दिशा बदलायची तर तो उलटा बसवायचा. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, तिकडून हवा बाहेर पडते.

हे पुस्तक आत्ताच का यावं? विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि कार्यालयांतून, शाळांतून चालू अवस्थेतले संगणक बाहेर पडत आहेत. प्रत्येकात दोन-तीन पंखे. दुसरीकडे नव्या इमारतींत सरकत्या काचा घट्ट बसतात, न्हाणीघराचा झरोका डक्टमध्ये उघडतो आणि कपाटामागच्या भिंतीला दर पावसाळ्यात बुरशी धरते. पंखा फुकट आणि गरज दाराशी, असा योग वरचेवर येत नाही. त्यात लेखकांनी सगळी मापं आपल्या बाजारातली घेतली आहेत: पीव्हीसी पाइप चार इंची, लाकडाऐवजी सनबोर्ड, पालींसाठी बारीक जाळी, आणि किनाऱ्यावरच्या घरांना दर वर्षी बेअरिंग तपासायचा सल्ला. पाल पंख्यात गेल्यावर काय करायचं याचं टिपण वाचताना मी मोठ्याने हसलो, पण ते खरं आहे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाहेर ४० अंश असतील तर हा पंखा खोली ३५वर आणणार नाही. फोडणीचा तेलकट धूर त्याच्या पात्यांवर चिकट थर चढवतो आणि त्याला मारतो. त्या धुराला चिमणीच हवी. इन्व्हर्टरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार्जिंगमध्ये हायड्रोजन सोडतात. तिथे हवा खेळती हवीच, पण तो वायू ज्या वाटेने बाहेर जातो त्या वाटेत पंखा ठेवू नये, ताजी हवा आत ढकलणाऱ्या बाजूला ठेवावा.

न्हाणीघरातल्या गॅस गीझरबद्दल लेखकांनी अवघं अर्धं पान लिहिलं आहे, आणि त्यात एकही आकृती नाही. बंद न्हाणीघरात असा गीझर कार्बन मोनॉक्साइड साठवतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. वर बसवलेला छोटा पंखा कधीकधी बर्नरचाच धूर खाली ओढून आणतो. तिथे पंखा जोडू नका, गीझर न्हाणीघराबाहेर काढा, असं त्यांनी लिहिलं आहे. एखादा वाचक तरीही आकृती मागणारं पत्र पाठवेलच. लेखकांनी ती देऊ नये.